भिंतीपलीकडून मशीनचा आवाज ओळखणाऱ्या मिस्त्रीकाकांना

मिस्त्रीकाका, नमस्कार.

त्या दिवशी दार वाजलं तेव्हा मला वाटलं, आवाजाची तक्रार घेऊन कुणीतरी आलंय. तुम्ही पलीकडच्या घरात फरशी बसवत होतात. दारातूनच म्हणालात, "ताई, मशीन रडतंय. किती रेटताय त्याला?"

मी मनगट चोळत उभी होते. जरा आधी हॅमर ड्रिलनं भोक पाडताना बीममध्ये बिट, म्हणजे पुढचं भोक पाडणारं टोक, अडकलं होतं. बिट थांबलं, पण मोटर थांबली नाही, म्हणून अख्खं मशीनच हातात गरकन फिरलं. साइड हँडल तसंच खोक्यात पडलेलं आणि ट्रिगर मी लॉक करून ठेवलेला. मनगट वाचलं ते आतल्या क्लचमुळे, हे तुमच्याकडून कळलं. बिट अडकलं की क्लच घसरतो, पण तो घसरेपर्यंतचा हिसका हाताला बसतोच. म्हणून दुसरा हात साइड हँडलवर, पाय रोवलेले आणि हॅमरवर भोक पाडताना लॉकच्या बटणाला बोट लावायचं नाही. हे सांगताना तुम्ही रागावला होतात. मला बरं वाटलं.

हातातलं काम टाकून तुम्ही तासभर थांबलात. तो तास तुम्ही कुणाच्या हिशेबात धरलात, कोण जाणे.

मी रेटत होते ते जुन्या सवयीनं. आधीचं माझं ड्रिल साधं इम्पॅक्टचं. त्यात दोन दातेरी चकत्या एकमेकींवर फिरून टकटक होते, दाबलं नाही तर ठोकाच बसत नाही. हॅमरवरही मी तशीच छातीनं रेलत होते. तुम्ही स्क्रूच्या डबीच्या झाकणावर पेन्सिलीनं आकृती काढलीत. मोटर पिस्टन पुढेमागे करते, पिस्टन आणि ठोकळ्याच्या मध्ये हवा कोंडलेली, ती दबली की ठोकळा पुढे फेकला जातो आणि त्याचा ठोका बिटच्या बुडाला पोचतो. बिटही चकमध्ये, म्हणजे ते धरणाऱ्या तोंडात, आवळलेलं नसतं. खाचांमधून थोडं पुढेमागे सरकतं. "हातोडी आत आहे ताई, तुम्ही फक्त धरा." रेटल्यानं भोक लवकर पडत नाही, मोटर तापते, बिट झिजतं आणि वर आपणच म्हणतो की मशीनमध्ये दम नाही. ते झाकण मी अजून पुसलेलं नाही.

मग तुम्ही बिट काढलंत. मागची दांडी सिमेंटच्या धुळीनं पांढरी, कोरडी ठणठणीत. कापडानं पुसून, खाचांना नखावर मावेल एवढं ग्रीस लावून बिट परत घातलंत आणि बाहेर ओढून बघितलंत, नीट अडकलंय ना म्हणून. मी तोवर कधी ग्रीस लावलं नव्हतं. बिट दर वेळी पुसून मग ग्रीस, कारण धुळीत मिसळलेलं ग्रीस पॉलिश पेपरसारखं घासतं.

मागच्या जाळीतून ठिणग्या दिसत होत्या, त्याही तुम्हीच हेरल्यात. प्लग काढायला लावलात, तोही माझ्याच हातानं, आणि कार्बन, म्हणजे मोटरला वीज पोचवणारे दोन छोटे ठोकळे, बाहेर काढलेत. एक 5 मिलिमीटरही उरला नव्हता. दुसरा त्यापेक्षा बरा होता, मला वाटलं तो चालेल. तुम्ही हसलात. कार्बन जोडीनंच बदलायचे आणि नवे घातले की मशीन थोडा वेळ मोकळं फिरवायचं, म्हणजे ते नीट बसतात. आता ठिणगी जास्त दिसली की मी मशीन खाली ठेवते.

बाकीचं तुम्ही जाता जाता सांगितलंत. भुकटी येणं थांबलं आणि आवाज खणखणीत झाला की काँक्रीटमधली सळई लागली, भांडायचं नाही, भोक सरकवायचं. स्विचबोर्डच्या सरळ वर-खाली भोक नको, तिथे वायर असते. टाइलवर आधी हॅमर बंद, टाइल पार झाली की मग चालू, पण मोडचं बटण मशीन पूर्ण थांबल्यावरच फिरवायचं. वायरचं रीळ पूर्ण उलगडायचं, गुंडाळलेलं तापतं. फास्टनर, म्हणजे भोकात पकड घेणारा बोल्ट, ठोकण्याआधी भोकातली भुकटी काढायची, नाहीतर तो पकडच घेत नाही.

काका, एका गोष्टीत मात्र मी तुमचं ऐकणार नाही. भोकात फुंकर मारून भुकटी उडवलीत, तेव्हा तुमच्या तोंडावर नुसता रुमाल होता. काँक्रीटच्या धुळीत सिलिका असते. तिचे फुप्फुसात खोलवर जाणारे कण इतके बारीक असतात की रुमालातून सहज आत जातात. त्यातून होणारा सिलिकोसिस बरा होत नाही. मला एका दुपारची भोकं पाडायची होती, तुम्ही रोज ह्याच धुळीत असता. आणि कानांना तर काहीच नव्हतं. दिवसाचे आठ तास 85 डेसिबल ही सुरक्षित मर्यादा मानतात आणि हॅमर मशीन ती सहज ओलांडतं. जोरात बोलल्याशिवाय तुम्हाला ऐकू येत नव्हतं, हे माझ्या लक्षात आलं होतं. तेव्हा बोलायचा धीर झाला नाही.

म्हणून ह्या पत्रासोबत एन 95 मास्कचं खोकं, फुंकर मारायची वेळ येऊ नये म्हणून भुकटी उडवायचा रबरी फुगा आणि कानांवर लावायचे मफ ठेवलेत. मास्क नाकावर घट्ट बसवा, कडेनं हवा आली तर तो घालून उपयोग नाही. ग्रीसची डबी तुम्ही माझ्याकडेच विसरलात, तीही आहे, अर्धी मी संपवली.

मफ लावले तर मशीनचं रडणं कसं ऐकू येणार, असं तुम्ही म्हणालच. मी लावून, मुद्दाम रेटून बघितलं. येतं ऐकू.

तुमची,
पलीकडच्या घरातली ताई