गॉस्पेलकारांना मानवंदना द्यायची तर

महोदय,

आपल्या पुरवणीत अमेरिकेतील 'ब्लॅक हिस्ट्री मंथ'वर आलेला लेख वाचला. फेब्रुवारीत इथल्या अनेक कृष्णवर्णीय मंडळ्या एखाद्या रविवारची उपासना गॉस्पेल संगीतकारांच्या नावे करतात, हे त्यात बरोबर आले आहे. मात्र स्पिरिच्युअल आणि गॉस्पेल यांची लेखात सरमिसळ झाली आहे. दोन्ही कृष्णवर्णीयांची ख्रिस्ती भक्तिगीतेच, पण स्पिरिच्युअल ही गुलामगिरीच्या काळात तोंडी चालत आलेली गीते, बहुतेकांचे कर्ते अज्ञात. फिस्क ज्युबिली सिंगर्स या गायकवृंदाने १८७१ पासून ती मंचावर नेली. गॉस्पेल विसाव्या शतकातले, शहरातले. त्याचे रचनाकार नावानिशी माहीत आहेत आणि त्यांतले अनेक जण आपल्या गाण्यांच्या छापील प्रती विकत. उपासनेत एकेकाचे नाव घेऊन गायचे ते यासाठी.

लेखात राहिलेली दुसरी गोष्ट म्हणजे अशी उपासना बसवतात कशी. पडद्यावर बारा छायाचित्रे आणि प्रत्येकाच्या गाण्याचे एकेक कडवे, हा सर्रास दिसणारा प्रकार आम्हाला पटत नाही. चार-पाच गाणी घ्यावीत, पण पुरती गावीत. फिलाडेल्फियाचे मेथडिस्ट पाळक चार्ल्स टिंडली यांच्यापासून सुरुवात करावी, कारण पुढच्या सगळ्यांनी त्यांच्याकडून घेतले आहे. मग थॉमस डॉर्सी, मेम्फिसच्या लूसी कॅम्पबेल किंवा हर्बर्ट ब्रूस्टर, जेम्स क्लीव्हलंड, शेवटी आंद्रे क्राऊच. गॉस्पेल गायिका महालिया जॅक्सन यांनी १९४७ मध्ये ध्वनिमुद्रित केलेले 'मूव्ह ऑन अप अ लिटल हायर' घेतले, तर ते ब्रूस्टर यांचे आहे हे पत्रिकेत छापावे. गायिकेचे नाव राहते आणि रचनाकार गळतो, हे नेहमीचेच.

डॉर्सींसाठी 'प्रेशस लॉर्ड' हवेच. ब्लूजचा हा पियानोवादक १९३२ च्या ऑगस्टमध्ये सेंट लुईसला असताना पत्नी नेटी बाळंतपणात गेल्याची तार आली, पाठोपाठ बाळही गेले, आणि त्या दुःखातून हे गीत झाले. पाळक ही हकिकत दहा मिनिटे सांगतात आणि गाणे अडीच मिनिटांत उरकते. उलट हवे. चाल जुन्या 'मेटलंड' या भजनावरून घेतलेली आहे, पण नुसत्या पुस्तकातल्या सुरावटीवर ते उभे राहत नाही. माप तीन ठोक्यांचे, आणि प्रत्येक ठोक्याच्या पोटात पुन्हा तीन. लय मिनिटाला पन्नास-पंचावन्न ठोक्यांची. पियानोवाल्याने उजव्या हाताने ते आतले तीन ऐकू येतील असे वाजवले नाहीत, तर गाणाऱ्याला थांबायला जागाच उरत नाही आणि गाणे दादऱ्यासारखे पळू लागते. मुख्य गायकाने ओळ ताणावी, वृंदाने पहिले कडवे नुसते गुणगुणावे, शब्द दुसऱ्यापासून.

स्वरविभागणीत तर हटकून चूक होते. भजनपुस्तकातली चार भागांची मांडणी जशीच्या तशी उचलली की आवाज जड होतो. गॉस्पेल वृंद तीन भागांत गातो: सोप्रानो (स्त्रियांचा उंच आवाज), आल्टो (स्त्रियांचा खालचा), टेनर (पुरुषांचा उंच). पुरुष बहुधा सगळे टेनर. खर्ज ऑर्गनच्या पायाने वाजवायच्या पेडलने किंवा बेस गिटारने सांभाळायचा. तीस जण असतील तर बारा, दहा, आठ अशी वाटणी पुरते, कारण टेनरची ओळ उंच असते आणि आठ जणांतही भरते. कागद हातात देऊ नये. निर्देशकाने एकेका भागाची ओळ गाऊन दाखवायची, त्यांनी ती परत म्हणायची, मग तिन्ही एकत्र. कागदात डोळे गेले की शेवटचा व्हँप बिघडतो. व्हँप म्हणजे अखेरची छोटी ओळ पुन्हा पुन्हा घेणे: आधी सोप्रानो, त्यावर आल्टो, मग टेनर, आणि सगळे भिडले की पट्टी अर्ध्या स्वराने वर. किती वेळा घ्यायची हे आधी ठरत नाही. निर्देशकाचे फिरते बोट म्हणजे पुन्हा, अंगठा वर म्हणजे पट्टी चढवा, मूठ मिटली की थांबा. हे संकेत चर्चागणिक थोडे बदलतात, तेव्हा तालमीतच पक्के करावेत.

चार ठोक्यांच्या गाण्यांत टाळी दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर. मंडळी पहिल्या-तिसऱ्यावर गेली तर माइकवरून सूचना देऊ नये. ड्रमवाल्याने स्नेअर (खणखणीत आवाजाचा छोटा ड्रम) फक्त दोन-चारवर ठेवून बाकीचे वाजवणे कमी करावे, दोन-चार आवर्तनांत लोक आपोआप येतात.

हॅमंड हा विजेवरचा ऑर्गन बाजारात १९३५ मध्ये आला. शिकागोच्या फर्स्ट चर्च ऑफ डेलिव्हरन्समध्ये केनेथ मॉरिस यांनी १९३९ मध्ये तो गॉस्पेलच्या साथीला घेतला. पहिले तीन ड्रॉबार (आवाजाचा पोत ठरवणाऱ्या ओढायच्या पट्ट्या) पूर्ण बाहेर, बाकी आत, इथून सुरुवात करावी. त्याच्या लेस्ली स्पीकरमधला भोंगा फिरतो, त्याला मंद आणि जलद असे दोन वेग असतात. नवखा वादक जलद लावून ठेवतो आणि प्रार्थनेखालीही आवाज थरथरत राहतो. मंद ठेवावा, ओळीच्या टोकाला जलद करावा, लगेच परत आणावा. साध्या कीबोर्डवरही या परिणामासाठी बहुधा 'रोटरी'चे बटण असते.

आणि गाणाऱ्यांच्या हाती कागद नसला, तरी निर्देशक-वादकांसाठी प्रती विकत घ्याव्यात. 'प्रेशस लॉर्ड' अजून स्वामित्वहक्काखाली आहे. अमेरिकी कायद्यात उपासनेत गाण्याला सूट आहे. झेरॉक्स काढायला नाही, थेट प्रक्षेपणालाही नाही, त्यासाठी वेगळा परवाना लागतो. डॉर्सींनी आपली गाणी स्वतः छापली आणि गायिका सॅली मार्टिन यांनी गावोगाव जाऊन ती विकली. त्यांच्याच गौरवाच्या दिवशी झेरॉक्स वाटणे शोभत नाही.

जाता जाता एक विनंती. महालिया जॅक्सन १९७१ च्या भारत दौऱ्यात मुंबईतही गायल्या होत्या. त्या कार्यक्रमाचा वृत्तान्त आपल्या जुन्या अंकांत असेल, तर तो पुन्हा छापावा.

— चर्चच्या गायकवृंदातील काही वाचक, शिकागो