सूचना : ठिबक अनुदानाबाबत

रावेर-यावल परिसरातील सर्व केळी उत्पादक सभासदांना कळविण्यात येते की, महाडीबीटी या राज्य शासनाच्या संकेतस्थळावर ठिबक सिंचनाच्या अनुदानासाठी अर्ज करताना शेतकरी ओळख क्रमांक अनिवार्य असून, कृषी विभागाची पूर्वसंमती हाती येण्याआधी संच खरेदी केल्यास अनुदानावर पाणी सोडावे लागते. केंद्राच्या योजनेत अल्प व अत्यल्प भूधारकांना (दोन हेक्टरपर्यंत जमीन असणाऱ्यांना) ५५ टक्के आणि इतरांना ४५ टक्के अनुदान असून त्यात राज्याच्या पूरक अनुदानाची भर पडते. मात्र हे प्रमाण दुकानाच्या बिलावर नव्हे, तर शासनाने ठरविलेल्या खर्चमर्यादेवर मोजले जाते, जे विक्रेता सांगेलच असे नाही. सातबारा सामाईक असल्यास इतर खातेदारांचे संमतिपत्र आधीच घ्यावे, कारण बऱ्याचदा घोडे तिथेच अडते. बँक खाते आधारशी जोडलेले असल्याची खात्री करावी.