मुक्तास, सेंटबद्दल

काटोल

प्रिय मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

तू ठेवून गेलेल्या दोन्ही कुप्या लावून पाहिल्या. "बाबा, तुमचं नाक पक्कं, तुम्हीच सांगा," म्हणालीस, म्हणून एक उजव्या मनगटावर, एक डाव्या, आणि दिवसभर बागेत वास घेत हिंडलो. त्याबद्दलच लिहायचं आहे. पण परवा फोनवर तुझा श्वास ऐकू येत होता. जिना चढत होते म्हणालीस. दम्याचा पंप पर्समध्ये असतो ना?

पहिला सेंट संत्र्या-व्हॅनिलाचा. मारल्याबरोबर सालीला नख लागून उडालेला तुषारच. पण सालीचं तेल टिकत नाही. मोसंबीच्या सालीतल्या तेलात ९० टक्क्यांहून जास्त लिमोनीन नावाचं द्रव्य असतं, ते लगेच उडतं. मोटर लावून परत येईस्तोवर संत्रं गेलं होतं. व्हॅनिला मात्र संध्याकाळपर्यंत हटली नाही. गोड आहे, वाईट नाही. पण बंद एसीत आठ तास तोच वास छातीत जाणार.

दुसरा नेरोलीचा. कडू संत्र्याच्या फुलांचं तेल ते, वाफेवर काढतात. टनभर फुलांतून जेमतेम किलोभर निघतं. आपल्या संत्र्याची जात वेगळी, तरी मनगट नाकाशी नेलं आणि हिवाळा सरतानाचा आपल्या बागेतला फुलोरा, आंबिया बहारच उभा राहिला. पाणी बंद ठेवून झाडांना दिलेला ताण तोडून पुन्हा पाणी दिलं की पंधरवड्या-तीन आठवड्यांत झाडं पांढरी व्हायची, वास पार ओसरीपर्यंत. तू गळलेली फुलं फ्रॉकच्या ओच्यात भरून आणायचीस आणि आजीच्या उशीखाली कोंबायचीस. आजी ती काढू द्यायची नाही, मावशी आली तरी. फुलोऱ्यात तुला कधी धाप लागली नाही. लागायची ती फवारणीच्या दिवशी. अर्थात त्यावरून बाटलीतल्या वासाचा भरवसा देता येत नाही, एवढं कळतं मला.

माझं मत दुसऱ्याला. छोटी बाटली घे. गळ्यावर नको, ओढणीच्या टोकाला लाव, आणि आधी सुट्टीच्या दिवशी घरी लावून बघ. खिडकीत ठेवू नकोस. उन्हाने, हवेने ही तेलं बिघडतात, मग अंगाला खाज सुटते. रूममेटला पंप कुठे असतो ते दाखवून ठेव. रात्री धाप लागली तर संकोच न करता उठव तिला, आणि आम्हाला काळजी नको म्हणून लपवत जाऊ नकोस...

बघ, पुन्हा शिकवायला लागलो. राग मानू नकोस. पहिल्या पगारातून तू स्वतःसाठी काही घेते आहेस, याचा मला किती आनंद झाला ते सांगायचं राहूनच गेलं. कृषी केंद्रावर दोघातिघांना सांगून झालं माझं. आपल्या घरात पगाराची चिठ्ठी तुझीच पहिली.

पवन शनिवारी पुण्याला येतोय. त्याच्याकडे मृग बहाराच्या संत्र्यांची अर्धी पेटी देतो, वरच्या थरात डॉक्टरांची चिठ्ठी आहे. पंपावरची तारीख बघून आजच कळव. आईला नको, मला.

तुझा,
बाबा