मा. पर्यावरणमंत्री साहेब, किड्यांसाठीही पैसे ठेवा

साहेब, नमस्कार.

दुर्मिळ प्राण्यांसाठी निधी वाटायची वेळ आली की वानर-माकडांचा नंबर आधी लागतो, किड्यांचा बऱ्याचदा लागतच नाही, म्हणून हे लिहितेय.

चीनमधल्या हैनान बेटावरचा गिबन हा वानर घ्या. 2003 च्या मोजणीत 13 उरले होते, आता 40 च्या आसपास आहेत. नर काळा, मादी सोनेरी, आणि सकाळी जोडी गायला लागली की लांबवर ऐकू येतं, त्यामुळे मोजणाऱ्याला निदान कळतं तरी कोण कुठे आहे. 2014 च्या वादळात दरड कोसळली आणि त्यांची झाडावरून झाडावर जायची वाटच तुटली, मग लोकांनी दोन दोर बांधून दिले, तर 176 दिवस एकही गिबन त्यावर आला नाही, आणि मग हळूहळू दोर धरून पलीकडे जायला लागले. वाचताना मला भरून आलं. पण मादीला साधारण दोन वर्षांनी एक पिल्लू होतं, तिथे घाई चालत नाही, जंगल राखायचं आणि दम धरायचा.

आता ऑस्ट्रेलियाच्या लॉर्ड हाव बेटावरचा काडीकिडा. 1918 ला तिथे एक जहाज खडकावर चढलं, त्यातले उंदीर बेटावर उतरले आणि हा वीतभर लांब बिनपंखी किडा संपला असंच सगळे धरून चालले. 2001 मध्ये जवळच्या बॉल्स पिरॅमिड सुळक्यावर रात्री बॅटऱ्या घेऊन चढलेल्या लोकांना एका झुडपाखाली 24 सापडले, जगात माहीत असलेले तेवढेच! 2003 ला दोन जोड्या खाली आणल्या, त्यातली एक लवकरच गेली, मेलबर्नच्या झूमधली दुसरी मादीही मरायला टेकली होती, तेव्हा तिला सांभाळणाऱ्याने कॅल्शियम आणि फुलांतला मकरंद घातलेलं पातळ मिश्रण थेंब थेंब करून तिच्या तोंडाशी धरलं, ती जगली आणि तिच्या वंशातून पुढे हजारो पिल्लं निघाली. काही वर्षांत हजारो, गिबनच्या बाबतीत हे स्वप्नातही शक्य नाही.

पण ती सोडायची कुठे, बेटावर उंदीर होतेच ना. ते हटवायची मोठी मोहीम 2019 ला झाली, शंभर वर्षांनी.

म्हणून मागणी एवढीच, गिबनच्या पैशाला हात न लावता बजेटमध्ये किड्यांसाठी वेगळी तरतूद करा, रात्री जाऊन मोजणी करणारी माणसं कायमची नेमा, आणि बेटांवर जाणाऱ्या प्रत्येक जहाजात उंदीर आहेत का ते माल उतरायच्या आधीच तपासायला लावा.

आपली,
एक नागरिक