ट्रॅपच्या एलईडीबद्दल आभार

आदरणीय ताई,

हे पत्र फक्त तुम्हाला पाठवलं असतं तरी चाललं असतं. पण आमच्यामागून सॉफ्ट-कोअरच्या, म्हणजे हवं ते सर्किट भरता येणाऱ्या चिपमध्ये (एफपीजीएमध्ये) बसवलेल्या प्रोसेसरच्या, नादी लागणारी पोरं नेमकी इथेच अडणार, म्हणून सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय.

आमची मांडणी तुम्हाला माहीतच आहे. आईसब्रेकर बोर्ड, त्यावर लॅटिस कंपनीची यूपी५के ही तसलीच चिप, चिपमध्ये क्लेअर वुल्फ यांचा पिकोआरव्ही३२ प्रोसेसर आणि फर्मवेअरसाठी, म्हणजे त्यावर चालणाऱ्या आमच्या सी प्रोग्रामसाठी, ८ केबी ब्लॉक रॅम (चिपमधलीच छोटी मेमरी). सिम्युलेशनमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या नकली चाचणीत, सगळं झकास. सिरियल पोर्टवर अक्षरं यायची, टायमर चालायचा. तेच बोर्डवर चढवलं की ढिम्म. आमच्या ग्रुपमधला प्रत्येक जण सी कोडवर संशय घेऊन बसला होता, आणि फोनवर मी तुम्हाला तोच कोड वाचून दाखवायला लागलो, तेव्हा तुम्ही मला अर्ध्यातच थांबवलंत. "कोड राहू दे. ट्रॅपची तार कुठे गेलीय?"

ती तार मोकळीच होती. तुम्ही ती एका एलईडीला जोडायला लावलीत. पिकोआरव्ही३२ला न ओळखता येणारी सूचना मिळाली की तो थांबतो आणि ट्रॅपचा सिग्नल वर करतो, एवढं साधं. बोर्ड चालू केला आणि एलईडी लगेच पेटला. प्रोसेसर जिवंत आहे, त्याच्यापुढे वाढलेलं ताट चुकीचं आहे, हे तेवढ्यावरून कळलं.

मग तुम्ही सांगितलेली दुसरी युक्ती तर मी सगळ्या ज्युनिअर्सना ऐकवतो. हेक्स फाइलमध्ये (मेमरीत भरायचे आकडे असलेली फाइल) हाताने एकच ओळ लिहायची: ००००००६एफ. जागच्या जागी उडी मारत राहणारी सूचना. ट्रॅप विझला, तर मेमरी, रीसेट आणि प्रोसेसर तिघेही निर्दोष. मग पकडायची ती फाइल बनवणारी पायरी. एलईडी विझलाच.

फाइल उघडली आणि तुम्ही फोनवरच हसलात. कंपाइल झालेल्या प्रोग्रामची हेक्स फाइल बनवणाऱ्या ऑब्जकॉपीच्या व्हेरिलॉग पर्यायाने एकेक बाइट सुटा लिहिला होता: ३७ ०१ ०१ ००. टेस्टबेंचमधली, म्हणजे सिम्युलेशनमधली, मेमरी ८ बिटांची, तिला हे बरोबर जुळत होतं. चिपमधली मात्र ३२ बिटांची. तिथे रीडमेमएचने (फाइलमधले आकडे मेमरीत भरणारी व्हेरिलॉगची आज्ञा) प्रत्येक बाइटला एक अख्खा ३२ बिटांचा शब्द देऊन टाकला. स्टॅक पॉइंटर (प्रोग्रामच्या तात्पुरत्या साठ्याचा पत्ता) भरणारी ०००१०१३७ ही सूचना (फाइलमध्ये तिचे बाइट उलट्या क्रमाने असतात) चार तुकड्यांत विखुरली. पहिला तुकडा ००००००३७, ही वैध सूचना आहे पण काहीच करत नाही. दुसरा ०००००००१, कॉम्प्रेस्ड (१६ बिटांच्या छोट्या) सूचना बंद असलेल्या आमच्या प्रोसेसरला तो कळेना, आणि तिथेच ट्रॅप. सिम्युलेशन खोटं बोलत नव्हतं, ते वेगळ्याच मेमरीबद्दल बोलत होतं. पिकोआरव्ही३२सोबतच मिळणारी, बायनरीतून ३२ बिटांचे शब्द क्रमाने लिहिणारी मेकहेक्स ही छोटी पायथन स्क्रिप्ट वापरली आणि बोर्ड बोलू लागला.

तुम्ही तिथेच फोन ठेवला असतात तरी उपकार मोठेच होते. पण "ग्लोबल व्हेरिएबल्स बघितलीस का?" असं तुम्ही विचारलंत, म्हणून पुढचा त्रास वाचला. ती सगळी कचरा दाखवत होती. ती ज्या मेमरीत होती ती यूपी५केमधली १ मेगाबिटची मोठी एसपीरॅम बिटस्ट्रीममधून (चिपमध्ये डिझाइन भरणाऱ्या फाइलमधून) भरताच येत नाही; चालू होताना तिच्यात काय असेल याचा भरवसा नाही. ब्लॉक रॅमचं तसं नाही, तिला सुरुवातीच्या किमती देता येतात. म्हणजे डेटा सेक्शनची (या व्हेरिएबल्सच्या सुरुवातीच्या किमतींची) मूळ प्रत ब्लॉक रॅममध्ये ठेवायची, लिंकर स्क्रिप्टमध्ये (प्रोग्रामचा कुठला भाग कुठे बसेल ते ठरवणारी फाइल) साठवण्याचा पत्ता वेगळा आणि चालण्याचा पत्ता वेगळा द्यायचा, आणि मेनच्या आधी स्टार्टअप कोडने ती एसपीरॅममध्ये उतरवून घ्यायची. हे मी पुस्तकात वाचलं होतं, पण कशासाठी ते तुमच्यामुळे कळलं. जाता जाता रीसेट काही डझन क्लॉक लांबवायलाही तुम्ही सांगितलंत, कारण आईस४० चिप्समध्ये (यूपी५के त्यातलीच) ब्लॉक रॅम अगदी सुरुवातीला शून्यच वाचून देते.

आणि आईसब्रॅम! फर्मवेअरमधली एक ओळ बदलली तरी पूर्ण सिंथेसिस (डिझाइनचं सर्किटमध्ये रूपांतर) पुन्हा करायचं, हा आमचा रिवाज होता. आता आधी मेमरीत रँडम आकडे भरून डिझाइन एकदाच तयार करायचं, मग आईसब्रॅम ते आकडे शोधून त्यांच्या जागी खरं फर्मवेअर बसवतं. आकडे रँडम का, तर त्यावरूनच त्याला मेमरी ओळखता येते. चहा थंड व्हायच्या आत आता दोन-चार प्रयोग होतात.

ताई, तुमच्या ऑफिसचे दिवस कसे असतात ते मला ठाऊक आहे. तरी तुम्ही उत्तर सांगून मोकळ्या झाला नाहीत, प्रत्येक पायरी मला माझ्या हाताने करायला लावलीत. त्या वेळी थोडा राग आला होता, खरं सांगतो. मनापासून आभार.

आता फर्मवेअर बोर्डवरच्या फ्लॅश मेमरीमधून थेट चालवायचं ठरतंय: सुरुवातीला बिटस्ट्रीम, १ एमबीपासून पुढे कोड. अडलो तर रविवारी फोन करीन. दिवाळीत सांगलीला आलात तर लॅबमध्ये नक्की या, पोरांना तुम्हाला भेटायचंय.

तुमचा,
लॅबमधला ज्युनिअर