बाबांना पिक्चरमधले शब्द ऐकू आले, त्याबद्दल

प्रिय दादा,

स. न. वि. वि.

तुमचे आभार फोनवर मानले होते, पण तुम्ही 'त्यात काय एवढं, ताई' म्हणून विषयच संपवलात. माझं मात्र समाधान झालं नाही. शिवाय वडीलधाऱ्यांना टीव्ही नीट ऐकू येत नाही अशी घरं आमच्या आसपासच कितीतरी आहेत. तुम्ही काय केलंत ते त्यांनाही कळावं, म्हणून हे जाहीर पत्र. तुमचं नाव घालत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही हे माहीत आहे.

दिवाळीत आम्ही सगळी भावंडं कोल्हापूरला जमतो. रात्रीची जेवणं उरकली की हॉलमध्ये गाद्या पडतात, चिवड्याचा डबा मधे येतो आणि पिक्चर लागतो. ही पद्धत बाबांनीच घातलेली. पण कानाला मशीन लागल्यापासून तेच त्यातून बाजूला पडले होते. समोर बसून बोललं की त्यांना सगळं कळतं, पिक्चर लागला की काहीच नाही. आम्ही आवाज वाढवायचो, पोरं कानावर हात ठेवायची, आणि बाबा हळूच म्हणायचे, "आवाज येतोय रे, शब्द येत नाहीत." मग अर्ध्यावर उठून आतल्या खोलीत जायचे. टीव्ही जिथून घेतला तिथे विचारलं, तर 'साउंडबार घ्या', म्हणजे वेगळा लांबट स्पीकर, एवढंच उत्तर मिळालं.

पाडव्याला तुमच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातली वहीपूजा आटोपून तुम्ही आलात आणि टीव्हीकडे न जाता आधी बाबांच्या शेजारी बसलात. "आजोबा, बायकांचं बोलणं जास्त अवघड जातंय का पुरुषांचं? गाणं चालू असताना कोणी बोललं तर?" असं तुम्ही त्यांनाच विचारलंत, आम्हाला नाही. त्यांच्या कानांबद्दल त्यांच्याशी इतकं सरळ बोलणारं माणूस मी फार दिवसांनी पाहिलं.

मग तुम्ही समजावलंत ते मी इथे लिहून ठेवते. वयानं कान कमी होतो तेव्हा बहुतेकांचे आधी बारीक, उंच आवाज जातात. स, श, फ यांचा आवाज तसलाच, आणि शब्द ओळखायला त्यांचाच मोठा आधार. जाड आवाज, ढोलकी, पार्श्वसंगीत हे सगळं ऐकू येतच राहतं. म्हणून नुसता आवाज वाढवला की संगीतही तेवढंच वाढतं आणि शब्द पुन्हा त्याखाली दबतो. त्यात आताच्या पातळ टीव्हीचे स्पीकर बहुतेक खाली नाहीतर मागे. तुम्ही माझा हात धरून टीव्हीच्या मागे नेलात तेव्हा तळव्याला आवाजाची थरथर लागली. आमचा टीव्ही इतके दिवस भिंतीशी बोलत होता! जुन्या डब्याच्या टीव्हीचे स्पीकर बहुधा तोंडासमोर असायचे, त्यामुळे बाबांना तेव्हा तितकं जड गेलं नसणार.

सेटिंगमध्ये जाऊन तुम्ही सराउंड (चहूबाजूंनी आवाज आल्याचा भास) बंद केलंत, ५.१ (सहा स्पीकरसाठीचा आवाज) ऐवजी स्टिरिओ (दोन स्पीकरसाठीचा) लावलंत आणि बोलणं पुढे आणणारा मोड निवडलात. ५.१ मध्ये संवाद मुख्यतः मधल्या स्पीकरला दिलेले असतात, आणि दोनच स्पीकरच्या टीव्हीत सगळं एकत्र कोंबलं की ते मागे पडू शकतात, हे मला तेव्हा कळलं. फरक पडला, पण बाबांना पुरेसा नाही. तिथे कोणीही 'आता एवढंच होतंय' म्हणून निघालं असतं. तुम्ही दुकानात जाऊन हेडफोन घेऊन आलात. टीव्हीच्या साध्या पिनेत लावला तर बाकीच्यांचा आवाज बंद. ब्लूटूथवर ओठ आधी हलायचे, शब्द मागून यायचा. शेवटी टीव्हीमागच्या ऑप्टिकलच्या, म्हणजे आवाज बाहेर काढायच्या भोकाला हेडफोन चालवणारी एक छोटी डबी जोडून, लांब वायर आणि आवाजाचं चाक थेट बाबांच्या हातात दिलंत. हेडफोन मशीनवर बसला की शिट्टी वाजत होती, म्हणून पिक्चरपुरतं मशीन काढायला सांगितलंत. खोलीत आमचा आवाज आमच्यापुरता, बाबांचा त्यांच्यापुरता. आणि जाताना गुडघ्यावर बसून ती वायर सतरंजीखालून नेऊन चिकटपट्टी मारलीत, आईचा पाय अडकू नये म्हणून. ते आम्हाला सुचलंही नव्हतं.

त्या रात्री पिक्चर बाबांनी निवडला, 'साधी माणसं'. भालजी पेंढारकरांचा, १९६५ सालचा, जयश्री गडकर आणि सूर्यकांत यांचा. एका लोहार जोडप्याची गोष्ट, कृष्णधवल. पोरं कंटाळतील असं आम्हाला वाटलं होतं. पण बाबा मधेच पॉज करायला लावून सांगत होते आणि पोरं ऐकत होती. आनंदघन या नावानं संगीत देणाऱ्या त्या लताबाईच. भालजींचा इथला जयप्रभा स्टुडिओ १९४८ मध्ये, गांधीजींच्या हत्येनंतरच्या दंगलीत जळाला आणि त्यांनी तो पुन्हा उभा केला. प्रभात कंपनीसुद्धा पुण्याला गेली ती नंतर, १९२९ मध्ये ती निघाली कोल्हापुरात. माझा भाचा म्हणाला, "म्हणजे आपल्या गावात पिक्चर बनायचे?" झालं, बाबांना तेवढंच हवं होतं. पुढचा अर्धा तास पडद्यावर जयश्रीबाई तशाच थांबलेल्या आणि आमच्या घरात गप्पा.

दादा, पिक्चर काय, मोबाइलवर एकटंही बघता येतो. आम्हाला हवे होते ते बाबा, एखाद्या संवादाला आमच्या आधी हसणारे. एका विनोदावर सगळ्यात आधी ते हसले तेव्हा आईनं माझ्याकडे बघितलं. तिचे डोळे भरले होते. हे तुम्हाला फोनवर सांगता आलं नाही, म्हणून लिहिते.

तुम्ही डबीचे आणि हेडफोनचेच पैसे घेतलेत. सणाचा दिवस सोडून आलात त्या वेळेचे आणि मेहनतीचे घेतले नाहीत. ते या वेळी घ्यावेच लागतील, बाबांनी बजावून सांगितलंय. तुळशीच्या लग्नाला आम्ही परत येतोय. शेजारच्या आजींकडेही असंच जोडून हवं आहे, त्यांचा टीव्ही जुना आहे, मागे ऑप्टिकलचं भोक आहे का ते बघावं लागेल. आणि बाबा विचारत होते, अजून थोडी लांब वायर मिळेल का? त्यांना आरामखुर्ची खिडकीपाशी न्यायची आहे.

वहिनींना नमस्कार. फराळाला सहकुटुंब या.

आपली,
तुमच्या गल्लीतल्या मास्तरांची लेक