काकूंच्या कॅल्शियमबद्दल

पम्या,

फोनवर तू इतका रडवेला झाला होतास की नीट बोलताच आलं नाही, म्हणून लिहितोय. आधी तू रोज दूध दिल्यामुळे हे झालं, हे डोक्यातून काढ. काकूंच्या रक्तात 13.8 पर्यंत वाढलेलं कॅल्शियम दुधातून नाही, हाडांतून आलंय. कॅन्सरच्या काही गाठी पीटीएचआरपी नावाचं प्रोटीन सोडतात, ते मानेतल्या पॅराथायरॉइड ग्रंथींच्या हार्मोनसारखंच वागतं, मग हाडं झिजतात आणि किडनी कॅल्शियम बाहेर टाकायचं सोडून धरून बसते.

बाबांच्या वेळी कॅल्शियम वाढलंय हे आम्हाला कळलंच नाही रे. आठवडाभर सारखं पाणी पाणी, रात्रीतून सात-आठ वेळा लघवी, पोट साफ नाही, आणि एक दिवस चष्मा उलटा घालून पेपर धरून बसले आणि मला काकाच्या नावाने हाक मारली. आम्ही म्हटलं वय झालं, त्यात मॉर्फिन चालू, गुंगी असणारच. चार दिवस तसेच घालवले. तू निदान लगेच टेस्ट तरी केलीस.

आता सलाईन जोरात चालेल, कारण लघवीवाटे पाणी जाऊन शरीर कोरडं पडलेलं असतं. मग बहुतेक झोलेड्रॉनिक ॲसिड, म्हणजे हाडांची झीज थांबवणारं औषध, 4 मिलिग्रॅम शिरेतून, किमान 15 मिनिटं हळूहळू सोडतात. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट तसाच दिसला तर घाबरू नकोस, त्याचा गुण यायला 2 ते 4 दिवस लागतात. तोवर कॅल्सिटोनिन नावाचं कॅल्शियम उतरवणारं औषध देतील, ते काही तासांत लागू पडतं पण दोनेक दिवसांत त्याचा जोर ओसरतो. झोलेड्रॉनिकनंतर बाबांना सणकून ताप आला होता, तो येतो कधीकधी. क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा आकडा) फार वाढलेलं असेल तर झोलेड्रॉनिकऐवजी डेनोसुमॅब हे औषध चालेल का, ते डॉक्टरांना विचार. आणि काकूंची ती दुखरी दाढ! झोलेड्रॉनिक आणि डेनोसुमॅब, दोन्हींनी जबड्याच्या हाडाला त्रास होऊ शकतो, डॉक्टरांना आधीच सांग.

रिपोर्टमध्ये अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातलं प्रोटीन, तेही बघ. 4 पेक्षा 1 ने कमी असेल तर कॅल्शियममध्ये 0.8 मिळवायचे, खरा आकडा तो.

हे उतरलं तरी गाठ आटोक्यात नसेल तर परत चढतं, बाबांचं तिसऱ्या आठवड्यात चढलं. त्यामुळे डिस्चार्जच्या वेळी पुढची टेस्ट कधी हे लिहूनच घे.

कॅल्शियमच्या आणि डी व्हिटॅमिनच्या गोळ्या चालू असतील तर आजच डॉक्टरांच्या कानावर घाल. बीपीच्या काही गोळ्यांत थायझाइड हे लघवी वाढवणारं औषध असतं, त्यानेही कॅल्शियम वाढतं. काकूंच्या गोळीच्या पाकिटाचा फोटो पाठव, मागची बाजू पण.

तुझा,
बंड्या